आवडत्या रिसीव्हरवर विसंबणारा तरुण क्वार्टरबॅक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकन फुटबॉल आवडीने पाहणाऱ्या मराठी प्रेक्षकांकडून, आणि त्यातही अमेरिकेत राहणाऱ्या व ज्यांची मुले शाळेच्या संघात खेळतात अशा पालकांकडून, एक तक्रार नेहमी ऐकू येते. आमचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा खेळाडू, तरुण आहे, त्याच्या हातात जोर आहे, डोके शांत आहे, पण चेंडू मात्र सतत त्याच एका-दोघांकडे जातो, असे ते म्हणतात. या तक्रारीतून निघणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. उदाहरणे मुख्यतः एनएफएल या अमेरिकेतील व्यावसायिक लीगमधील आणि त्यातही मॅथ्यू स्टॅफर्ड या क्वार्टरबॅकच्या कारकिर्दीतील घेतली आहेत, कारण हा दोष आणि त्यावरचा उतारा ही दोन्ही एकाच खेळाडूत इतकी स्पष्ट क्वचितच पाहायला मिळतात.

आवडत्या रिसीव्हरवर विसंबून राहणे म्हणजे नेमके काय?

आक्रमण करणाऱ्या संघाच्या अकरा खेळाडूंपैकी साधारणपणे पाच जण पास झेलण्यास पात्र असतात; झेलणारा तो रिसीव्हर. प्रशिक्षकाने आखलेल्या प्रत्येक पासच्या चालीत या पाच जणांना वेगवेगळे मार्ग, म्हणजे रूट, नेमून दिलेले असतात आणि क्वार्टरबॅकने कोणाकडे आधी, कोणाकडे नंतर पाहायचे याचा क्रमही ठरलेला असतो. त्या क्रमाला प्रोग्रेशन म्हणतात. पहिला मोकळा नसेल तर दुसरा, तोही नसेल तर तिसरा, आणि काहीच जमले नाही तर जवळच उभ्या असलेल्या रनिंग बॅककडे, म्हणजे एरवी चेंडू घेऊन धावणाऱ्या खेळाडूकडे, छोटा पास, अशी ही उतरंड असते.

विसंबून राहणारा क्वार्टरबॅक ही उतरंड उतरतच नाही. स्नॅप होण्यापूर्वीच, म्हणजे चेंडू मागे क्वार्टरबॅककडे देऊन चाल सुरू होण्यापूर्वीच, त्याच्या मनात चेंडू कोणाकडे टाकायचा हे पक्के झालेले असते आणि स्नॅप झाल्यावर तो त्या माणसाकडे टक लावून बसतो. तो मोकळा असो वा नसो, चेंडू तिकडेच जातो. येथे 'स्नॅपपूर्वीच पक्के झालेले असते' हे शब्द महत्त्वाचे आहेत. एखाद्याकडे पुष्कळ वेळा चेंडू जाणे आणि एखाद्याकडे तो न पाहता-तपासता जाणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि या विषयावरचे बहुतेक वाद त्या दोहोंची गल्लत झाल्यामुळे होतात.

संघातला सर्वोत्तम रिसीव्हर असेल, तर त्याच्याकडे चेंडू टाकण्यात चूक ती काय?

काहीच चूक नाही, आणि ही गोष्ट आधीच सांगून ठेवलेली बरी. २ ऑक्टोबर २०११ रोजी डेट्रॉइट लायन्सचा संघ डॅलस काउबॉइजविरुद्ध २७–३ असा मागे पडला होता. शेवटच्या सत्रात तेवीस वर्षांच्या स्टॅफर्डने टचडाउनसाठी, म्हणजे चेंडू गोलरेषेपार पोचवून गुण मिळवण्यासाठी, कॅल्व्हिन जॉन्सन या रिसीव्हरकडे जो पास टाकला, त्या वेळी जॉन्सनभोवती तीन बचावपटू होते. पुस्तकी हिशेबाने तो पास टाकूच नये असा होता. जॉन्सन उंचीने सहा फूट पाच इंच आणि त्यावर त्याची उडी अशी, की तिघांच्या डोक्यावरून त्याने तो झेलला. लायन्सने सामना ३४–३० असा जिंकला. जॉन्सनला 'मेगाट्रॉन' म्हणत ते उगाच नव्हे.

असा खेळाडू हाताशी असताना त्याला विसरून सर्वांना समान वाटणी करणे हा शहाणपणा नव्हे. पंगतीत वाढावे तसे पास वाढायचे नसतात. अडचण निराळीच आहे. अशा एका यशस्वी पासमुळे तरुण क्वार्टरबॅकच्या मनात 'तिघे असले तरी जमते' ही खूणगाठ बसते, आणि पुढच्या दहा वेळा तिघांच्या मध्ये चेंडू टाकताना पलीकडे एकटा मोकळा धावणारा दुसरा रिसीव्हर त्याला दिसत नाही.

ही सवय तरुण क्वार्टरबॅकलाच का जडते?

सर्वांत मोठे कारण वेळ. स्नॅपनंतर चेंडू हातातून सुटेपर्यंत एनएफएलमध्ये साधारण अडीच-तीन सेकंद मिळतात. तेवढ्या वेळात मागे सरकायचे, बचावाची मांडणी स्नॅपपूर्वी दिसली तशीच राहिली की बदलली हे ताडायचे, दोन-तीन जणांकडे पाहायचे आणि अंगावर धावून येणाऱ्या धिप्पाड माणसांचे भान ठेवायचे. अनुभवी खेळाडूला या साऱ्यांतले निम्मे काम स्नॅपपूर्वीच उरकता येते. नवख्याला ते स्नॅपनंतर करावे लागते, म्हणून तो जे खात्रीचे वाटते त्याकडे वळतो. भीती वाटली की माणूस ओळखीचा दरवाजा ठोठावतो, तसेच हे आहे.

दुसरे कारण शाळा आणि कॉलेजमधील सवयीत आहे. शाळेच्या पातळीवर एखादा मुलगा इतरांपेक्षा इतका वेगवान किंवा उंच असतो, की त्याच्या दिशेने चेंडू उंच टाकला तरी पुरते. उतरंड शिकण्याची गरजच पडत नाही. कॉलेजच्या अनेक पद्धतींमध्ये क्वार्टरबॅकला मैदानाच्या अर्ध्या भागाकडेच पाहायला सांगितलेले असते. असा मुलगा व्यावसायिक संघात आला की त्याला पूर्ण मैदान वाचायचे असते, आणि डोळ्यांना त्याचा सरावच नसतो.

तिसरे कारण विश्वास हे आहे, आणि त्याला दोष म्हणणे मला कठीण वाटते. रिसीव्हर कुठे वळेल, किती पावलांनी वळेल, चेंडू खांद्याच्या आत हवा की बाहेर, हे सारे हजारो पासांच्या सरावातून ठरते. ज्याच्याबरोबर उन्हाळाभर सराव केला तो कुठे असेल हे क्वार्टरबॅकला न पाहताही ठाऊक असते. इतरांबद्दल ते ठाऊक नसते, कारण त्यांच्याबरोबर तेवढा सराव झालेलाच नसतो. मग सामन्यात त्यांच्याकडे चेंडू जात नाही, म्हणून त्यांच्याबद्दलचा विश्वासही वाढत नाही. हे चक्र आपोआप तुटत नाही. कोणीतरी मुद्दाम तोडावे लागते.

आणि चौथे कारण बहुतेक वेळा झाकलेले राहते, ते म्हणजे खुद्द प्रशिक्षक. चालीच तशा आखलेल्या असतील, प्रत्येक चालीत पहिला क्रमांक त्याच एका रिसीव्हरचा असेल, तर क्वार्टरबॅक सांगितले तेच करत असतो आणि बोलणी मात्र त्याला खावी लागतात.

क्वार्टरबॅक कोणाकडे पाहतो आहे, हे बचावफळीला कसे कळते आणि त्याने काय बिघडते?

बचावाच्या ढोबळमानाने दोन रीती आहेत. एकात प्रत्येक बचावपटू एकेका रिसीव्हरला चिकटून धावतो. त्याची नजर रिसीव्हरवर असते. दुसऱ्या रीतीत, म्हणजे झोनमध्ये, तो मैदानाचा एक तुकडा सांभाळतो आणि त्याची नजर थेट क्वार्टरबॅकच्या डोळ्यांवर असते. झोनमधील बचावपटूला क्वार्टरबॅकचे हेल्मेट ज्या बाजूला वळले त्या बाजूला दोन पावले सरकायला अर्धा सेकंदही लागत नाही. सर्वांत मागे उभा असलेला सेफ्टी तर याच कामासाठी असतो. हेल्मेट सुरुवातीपासून एकाच दिशेला रोखलेले राहिले, तर चेंडू सुटण्यापूर्वीच तो तिकडे निघालेला असतो. इंटरसेप्शन, म्हणजे बचावपटूने मध्येच झेललेला पास, पाहताना आपण 'पास चुकला' असे म्हणतो. पुष्कळदा पास अचूक असतो, पण पत्ता आधीच फुटलेला असतो.

आता साधा हिशेब करून पाहू. अकरा बचावपटूंपैकी चार जण क्वार्टरबॅकवर धावून गेले, तर मागे सात उरतात आणि त्यांना पाच जणांना अडवायचे असते. म्हणजे दोन माणसे जास्तीची. त्यांपैकी एक आवडत्या रिसीव्हरवर दुसरा पहारेकरी म्हणून बसवला आणि दुसरा खोलवर राखणीला ठेवला, की उरलेल्या चौघांसमोर प्रत्येकी एकच बचावपटू राहतो आणि त्यांपैकी बहुतेकांना मागून मदत नसते. थोडक्यात, आवडत्या रिसीव्हरवर दुहेरी पहारा ठेवणे बचावफळीला फुकट पडत नाही. त्याची किंमत ती दुसरीकडे मोजते. ती किंमत वसूल करायची की नाही हे क्वार्टरबॅकच्या हातात असते. त्याने आवडत्याकडेच चेंडू टाकला, तर बचावफळीला तो दुहेरी पहारा फुकटात मिळतो.

उलट बचावफळीने सहा जणांनी हल्ला केला, म्हणजे ब्लिट्झ केला, तर मागे पाचास पाच उरतात. जास्तीचे कोणीच नाही. त्या क्षणी आवडता रिसीव्हर एकट्याच्या पहाऱ्यात असतो आणि त्याच्याकडे लगेच चेंडू टाकणे हेच योग्य उत्तर असते. म्हणून 'आवडत्याकडे टाकू नये' असा सरसकट नियम होऊ शकत नाही.

२०१२ च्या लायन्सचे उदाहरण नेहमी का दिले जाते?

कारण त्या हंगामात वैयक्तिक विक्रम आणि सांघिक अपयश ही दोन्ही एकाच घरात नांदली. कॅल्व्हिन जॉन्सनने त्या वर्षी १२२ झेलांवर १,९६४ यार्ड मिळवले आणि जेरी राइसचा १९९५ पासूनचा १,८४८ यार्डांचा विक्रम मोडला. स्टॅफर्डने ७२७ पास टाकले. एका हंगामात तेवढे पास तोवर कोणीच टाकले नव्हते. त्यांपैकी दोनशेहून अधिक जॉन्सनच्या दिशेने होते. आणि संघाचा निकाल? ४ विजय, १२ पराभव. आदल्याच वर्षी याच जोडीने १०–६ अशी कामगिरी करून संघाला १९९९ च्या हंगामानंतर प्रथमच प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, नेले होते, हे ध्यानात घेतले की घसरण किती मोठी होती ते कळते.

विक्रम मोडला तो दिवसही बोलका आहे. २२ डिसेंबर २०१२ रोजी अटलांटा फाल्कन्सविरुद्ध जॉन्सनने ११ झेल आणि २२५ यार्ड मिळवले. लायन्स ३१–१८ असे हरले. यार्डांचा डोंगर, पण जॉन्सनच्या नावावर अख्ख्या हंगामात टचडाउन फक्त ५. मैदानाच्या मध्यभागी जागा मोकळी असते तेव्हा मोठे पास जमतात. गोलरेषेजवळ जागा आकसते, आणि चेंडू कोणाकडे येणार हे सर्वांना ठाऊक असले की ती आणखी आकसते. स्टॅफर्डचे टचडाउन पास २०११ मधील ४१ वरून २० वर आले आणि इंटरसेप्शन १७ झाली. पराभवाची इतरही कारणे होती आणि सगळे खापर या एका सवयीवर फोडणे न्यायाचे होणार नाही, पण या आकड्यांकडे डोळेझाकही करता येत नाही.

एक बाब मात्र स्टॅफर्डच्या बाजूने नोंदवलीच पाहिजे. त्या हंगामात त्याचे इतर रिसीव्हर एकेक करून गळत गेले. नेट बर्लसनचा पाय ऑक्टोबरमध्ये मोडला, नवखा रायन ब्रॉयल्स डिसेंबरमध्ये गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर गेला, आणि टायटस यंगला संघाने शिस्तीच्या कारणावरून दूर केले. हंगामाच्या अखेरीस जॉन्सनखेरीज भरवशाचे असे कोण उरले होते, हा प्रश्न विचारला की 'विसंबून राहिला' या आरोपाची धार पुष्कळ कमी होते. माझ्या मते त्या वर्षीची सवय निम्मी त्याची होती आणि निम्मी परिस्थितीने लादलेली.

जॉन्सन नसताना स्टॅफर्डचे काय झाले?

त्याची पहिली झलक २०१४ मध्ये दिसली. त्या वर्षी गोल्डन टेट हा दुसरा दमदार रिसीव्हर संघात आला होता. ऑक्टोबरमध्ये घोट्याच्या दुखापतीमुळे जॉन्सन तीन सामने खेळू शकला नाही आणि लायन्सने ते तिन्ही सामने जिंकले. त्यांतले दोन अवघ्या एका गुणाने जिंकले, आणि त्या वर्षीची लायन्सची बचावफळीही भक्कम होती, हे खरे. तरीही टेटवर मोठी भिस्त ठेवता येते हे त्या तीन आठवड्यांत सिद्ध झाले. हंगामाअखेर टेटचे ९९ झेल आणि १,३३१ यार्ड झाले, जॉन्सनपेक्षा जास्त.

२०१५ च्या हंगामानंतर जॉन्सन निवृत्त झाला तेव्हा आता स्टॅफर्डचे कसे होणार, अशी चर्चा होती. झाले उलटेच. २०१६ मध्ये टेटने ९१, अँक्वान बोल्डिनने ६७, टाइट एंड (अडवणे आणि झेलणे दोन्ही करणारा खेळाडू) एरिक एब्रनने ६१, मार्व्हिन जोन्सने ५५ आणि रनिंग बॅक थिओ रिडिकने ५३ झेल घेतले. पाच जण पन्नाशीच्या पुढे! स्टॅफर्डचे यशस्वी पासांचे प्रमाण २०१२ मधील सुमारे ६० टक्क्यांवरून ६५ टक्क्यांच्या वर गेले, इंटरसेप्शन १० वर आली आणि संघ ९–७ अशा कामगिरीने प्लेऑफमध्ये पोचला. आक्रमण समन्वयक जिम बॉब कूटर यांनी चाली आखडत्या आणि लवकर सुटणाऱ्या पासांच्या केल्या होत्या, याचाही त्यात मोठा वाटा होता. लांब पास कमी झाले की अचूकतेचे प्रमाण आपसूक वाढते, म्हणून त्या पाच टक्क्यांचे सगळे श्रेय चौफेर नजरेला देऊ नये.

पण मग २०२१ मध्ये त्याच स्टॅफर्डने कूपर कप या रिसीव्हरवर भिस्त ठेवून सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, जिंकला, ते कसे?

हा या पानावरचा सर्वांत चांगला प्रश्न आहे, कारण त्याच्या उत्तरात साऱ्या विषयाचे मर्म आहे. २०२१ मध्ये लॉस एंजेलिस रॅम्सकडून खेळताना कपने १४५ झेल, १,९४७ यार्ड आणि १६ टचडाउन मिळवले. संघाच्या पासिंग यार्डांपैकी कपचा वाटा चाळीस टक्क्यांच्या आसपास होता. २०१२ मध्ये जॉन्सनचा वाटाही जवळपास तेवढाच होता. इतकेच काय, स्टॅफर्डची नियमित हंगामातील इंटरसेप्शनसुद्धा दोन्ही वर्षी १७. कागदावर ही दोन वर्षे जुळी भावंडे वाटतात, आणि एकात संघ बारा सामने हरला तर दुसऱ्यात विजेता ठरला.

फरक वाट्यात नव्हता, वाटेत होता. जॉन्सन बहुतेक वेळा मैदानाच्या कडेला उभा राहत असे आणि पास बरेचदा लांबचा असे. कपला प्रशिक्षक शॉन मॅकव्हे यांनी आत, स्लॉटमध्ये, इतर रिसीव्हरांच्या गर्दीत उभे केले. स्नॅपपूर्वी त्याला इकडून तिकडे हलवले. कित्येक चालींत त्याला आधी अडवणारा म्हणून वापरून मग सोडले. त्यामुळे त्याच्यावर दुहेरी पहारा बसवायचा तर तो नेमका कुठे बसवावा, हेच बचावफळीला स्नॅपपर्यंत उमगत नसे. शिवाय आता क्वार्टरबॅक चोवीस वर्षांचा नव्हता, तेहतिशीत होता.

१३ फेब्रुवारी २०२२ च्या सुपर बोलमध्ये सिनसिनाटी बेंगॉल्सविरुद्ध रॅम्स २०–१६ असे मागे होते आणि शेवटचा हल्ला स्वतःच्या २१ यार्ड रेषेवरून सुरू झाला. रॉबर्ट वूड्स हंगामाच्या मध्यातच जखमी झालेला, ओडेल बेकहॅम त्याच सामन्यात पूर्वार्धात गुडघा धरून बाहेर गेलेला. म्हणजे परिस्थिती पुन्हा २०१२ चीच : आवडता एक आणि बाकी दुय्यम. स्टेडियममधल्या शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही ठाऊक होते की चेंडू कपकडे जाणार. त्या हल्ल्यात स्टॅफर्डने कपला २२ यार्डांचा जो पास दिला, तो देताना त्याची नजर भलतीकडेच होती. मधला बचावपटू त्या नजरेमागे सरकला आणि त्याने सोडलेल्या जागेतून चेंडू कपच्या हातात पडला. सामना संपायला १ मिनिट २५ सेकंद उरले असताना कपने एक यार्डावरून टचडाउन केला आणि रॅम्सने सामना २३–२० असा जिंकला. आवडता रिसीव्हर तोच राहिला, चेंडूही त्याच्याकडेच गेला. बदलले होते ते डोळे.

पेटन मॅनिंगलाही हीच सवय होती का?

काही अंशी होती, असे म्हणता येईल. २००२ मध्ये, मॅनिंग क्वार्टरबॅक असलेल्या इंडियानापोलिस कोल्ट्सच्या मार्व्हिन हॅरिसनने १४३ झेल घेतले. एका हंगामातील झेलांचा हा विक्रम २०१९ मध्ये मायकल थॉमसने १४९ झेल घेईपर्यंत टिकला. त्या वर्षी कोल्ट्सच्या दुसऱ्या वाइड रिसीव्हरचे, रेजी वेनचे, झेल होते ४९. प्लेऑफच्या पहिल्याच सामन्यात न्यूयॉर्क जेट्सने कोल्ट्सना ४१–० असे धुतले.

पुढच्या हंगामातील एएफसीच्या (एनएफएलच्या दोन गटांपैकी एकाच्या) अंतिम सामन्यात, १८ जानेवारी २००४ रोजी, न्यू इंग्लंड पेट्रियट्सचा बचावपटू टाय लॉ याने मॅनिंगचे तीन पास पकडले. हॅरिसनला त्या दिवशी अवघे तीन झेल मिळाले. नंतर २००४ च्या हंगामात मॅनिंगने ४९ टचडाउन पासांचा तत्कालीन विक्रम केला, तेव्हा हॅरिसन, वेन आणि ब्रँडन स्टोकली या तिघांनीही प्रत्येकी हजाराहून अधिक यार्ड आणि दहा किंवा अधिक टचडाउन मिळवले. हॅरिसनचे झेल ८६ वर उतरले, टचडाउन मात्र १५ झाले. बचावपटूंनी रिसीव्हरला धरून अडवण्याच्या नियमाची अंमलबजावणी त्या वर्षी कडक झाली होती, त्याचाही लाभ कोल्ट्सना मिळाला हे सांगायला हवे.

एका रिसीव्हरकडे किती टक्के पास जाऊ लागले म्हणजे काळजी करावी?

एनएफएलमध्ये संघाच्या एकूण पासांपैकी पाव हिस्सा पहिल्या क्रमांकाच्या रिसीव्हरकडे जाणे सर्वसाधारण मानले जाते आणि तीस टक्क्यांच्या पुढचा वाटा फार मोठा समजला जातो. पण वर पाहिलेच, की सारख्याच वाट्यातून दोन टोकांचे निकाल निघू शकतात. म्हणून हा आकडा तापमापकासारखा वापरावा. ताप आहे एवढे तो सांगतो, रोग कोणता ते सांगत नाही.

मग सामना पाहताना हा दोष ओळखायचा कसा?

चेंडूकडे पाहणे थोडे थांबवावे. स्नॅप झाल्यावर पहिल्या दीड सेकंदात क्वार्टरबॅकचे हेल्मेट हलते का, ते पाहावे. ते एकदाही वळले नाही आणि चेंडू त्याच दिशेला गेला, असे चार-पाच चालींत लागोपाठ दिसले तर संशयाला जागा आहे. त्यानंतर तिसऱ्या डाउनकडे, म्हणजे चारपैकी तिसऱ्या प्रयत्नाकडे, लक्ष द्यावे, कारण दडपणाखाली सवय उघडी पडते. पुढचे दहा यार्ड मिळवण्याची ती बहुधा शेवटची खरी संधी असते, आणि नवखा क्वार्टरबॅक तेव्हा ओळखीच्या माणसाकडेच धाव घेतो.

टीव्हीवरच्या नेहमीच्या चित्रणात खोलवरचे रिसीव्हर आणि सेफ्टी चौकटीबाहेर राहतात. त्यामुळे दुसरा कोणी मोकळा होता की नव्हता हे घरबसल्या ठामपणे सांगणे धाडसाचे असते. बावीसच्या बावीस खेळाडू दिसतील असे उंचावरचे चित्रण प्रशिक्षक वापरतात आणि एनएफएल ते चाहत्यांनाही शुल्क घेऊन उपलब्ध करून देते. एकाच सामन्याचे असे चित्रण पाहिले, तरी आपण किती वेळा क्वार्टरबॅकला विनाकारण बोल लावला हे लक्षात येते. माझ्या बाबतीत तरी तसे झाले.

टाइट एंड किंवा रनिंग बॅककडे वारंवार चेंडू टाकणे हाही हाच दोष का?

त्याच झाडाची ती निराळी फांदी आहे. टाइट एंड मैदानाच्या मध्यभागी, क्वार्टरबॅकच्या नजरेसमोर, जवळ आणि आकाराने मोठा असतो. म्हणून त्याला नवख्या क्वार्टरबॅकचा जिवलग म्हणतात. रनिंग बॅककडचा छोटा पास तर उतरंडीची शेवटची पायरी असतो. वरच्या पायऱ्या पाहून मग तिथे आला तर ते शहाणपण. पायऱ्या न पाहताच थेट तळाशी उडी मारत असेल, तर दोष तोच. अशा क्वार्टरबॅकची यशस्वी पासांची टक्केवारी चांगली दिसते, आणि त्यामुळे तो दोष अधिक काळ लपून राहतो.

प्रशिक्षक ही सवय कशी मोडतात?

उपदेश करून नव्हे. पाय आणि डोळे एकमेकांना बांधून. क्वार्टरबॅक पाच पावले मागे जातो तेव्हा पाचवे पाऊल टेकताच चेंडू पहिल्या रिसीव्हरकडे सुटला पाहिजे. सुटला नाही, तर पुढे एक छोटी उसळी आणि त्याबरोबर नजर दुसऱ्याकडे. आणखी एक उसळी, नजर तिसऱ्याकडे. पाय हलले की डोळे हलायचेच, असा हा ठेका असतो. तबल्याचा हात बसवताना बोल तोंडाने म्हणायला लावतात, तसे काही प्रशिक्षक प्रत्येक उसळीला 'एक, दोन, तीन' असे मोठ्याने म्हणायला लावतात.

सरावात आणखी एक युक्ती चालते. रिसीव्हर धावतात आणि प्रत्येकाच्या जागी उभा असलेला साहाय्यक हात वर करतो किंवा खाली ठेवतो; ज्याचा हात वर असेल त्याच्याकडेच चेंडू टाकायचा. कोणाचा हात वर येणार हे आधी ठाऊक नसल्याने क्वार्टरबॅकला पाहावेच लागते. आठवड्यातून एखादे सत्र आवडत्या रिसीव्हरला बाजूला बसवूनही घेतले जाते. तेव्हा पहिल्या दिवशी आक्रमण अगदी लुळे पडते, आणि नेमके तेच पाहायचे असते.

पण सर्वांत परिणामकारक उपाय चालींच्या वहीत असतो. आवडत्या रिसीव्हरला काही चालींत मुद्दाम तिसऱ्या क्रमांकावर ठेवायचे. तो एका बाजूला खोल धावतो, बचावफळी त्याच्यामागे ओढली जाते आणि पहिला क्रमांक ज्याचा आहे तो त्या रिकाम्या जागेत शिरतो. यात क्वार्टरबॅकला आवडत्याचा त्याग केल्यासारखे वाटत नाही. त्याचा उपयोगच करून घेतलेला असतो, फक्त चेंडू दुसऱ्याच्या हातात असतो. नजरेने सेफ्टीला फसवणे ही त्यापुढची पायरी आहे. सुपर बोलमधला तो पास पाहून शाळकरी मुले तोच करू पाहतात, पण आधी बघायला शिकल्याशिवाय न बघता टाकायला शिकू नये.

माझा मुलगा शाळेच्या संघात क्वार्टरबॅक आहे. 'त्याच्याकडे टाकू नकोस' असे मी त्याला सांगावे का?

कृपया सांगू नये. असे सांगितले की मुलाच्या मनात आणखी एक भीती भरते. मित्र मोकळा दिसतो, पण बाबा रागावतील म्हणून हात थबकतो; त्या अर्ध्या सेकंदात समोरचा बचावपटू येऊन आदळतो. चेंडू हातात धरून ठेवणे ही सवय एकाकडेच टाकण्यापेक्षा वाईट, आणि शरीरालाही अधिक धोक्याची.

त्याऐवजी सामन्यानंतर गाडीतून घरी येताना एकच प्रश्न विचारता येईल : 'त्या तिसऱ्या डाउनला सेफ्टी कुठे होता रे?' उत्तर आले, तर मुलगा पाहतो आहे. 'लक्षात नाही' असे उत्तर आले, तरी काही बिघडले नाही. पुढच्या सामन्यात तो बघेल, कारण घरी जाताना हा प्रश्न येणार हे त्याला ठाऊक असेल. प्रशिक्षकाच्या चालींवर मात्र गाडीत टीका करू नये. मुलगा दोन मालकांचा नोकर झाला, की दोन्हीकडचे काम बिघडते.

तो आवडता रिसीव्हर त्याचा जिवलग मित्रच असेल तर?

बहुतेक वेळा असतोच. एकाच आळीत राहणारी, एकाच बसने शाळेत जाणारी, सुट्टीत मागच्या अंगणात चेंडू टाकत मोठी झालेली मुले असतात. त्या मैत्रीला हात लावण्याचे कारण नाही. सुट्टीतल्या सरावाला आणखी दोघांना बोलवावे, इतकेच. रिसीव्हर मित्रालाही सांगून ठेवावे, की चेंडू आपल्याकडे येणार नाही हे ठाऊक असलेल्या चालीतही त्याने पूर्ण वेगाने धावले पाहिजे. तो रमतगमत धावला तर बचावपटू त्याला सोडून देतात आणि दुसऱ्यासाठी जागाच तयार होत नाही. चौघांनी मिळून तासभर सराव केला, तर प्रत्येकाला चाळीस-पन्नास पास सहज मिळतात, आणि चेंडू कोणाला छातीजवळ आवडतो, कोणाला डोक्यावर, हे क्वार्टरबॅकच्या हाताला ऑगस्ट उजाडण्यापूर्वी कळलेले असते.